कुबडाचा रेनकोट

माझ्या रेनकोटाला कुबड आहे, आणि ते मी पदरचे पैसे मोडून मुद्दाम शिवून घेतले आहे. एस.टी.च्या थांब्यावर माझ्याकडे पाहून शाळकरी पोरे तोंडावर हात घेतात. एकदा तर गाडीत एका म्हातारीने उठून मला आपली जागा देऊ केली. ‘बसा बाबा, पाठीचं दुखणं वाईट,’ असे ती म्हणाली. मी बसलो नाही. पण खरे काय तेही तिला सांगितले नाही. पाठीवर सॅक आहे आणि सॅकवरून कोट घातला आहे, एवढेच सांगायचे होते. पण ते सांगू लागलो असतो तर पुढचे सगळेच सांगावे लागले असते, आणि पोलादपूरचा थांबा जवळ आला होता.

ते सगळे आता इथे सांगतो.

मी राहतो महाडला आणि शिकवतो पोलादपूरच्या वरच्या अंगाला, ढवळी नदीच्या खोऱ्यातल्या एका वाडीत. महाडहून पोलादपूर वीसेक किलोमीटर. तिथून दुसरी गाडी फाट्यापर्यंत. आणि फाट्यापासून पुढे एक साकव, एक चढण आणि भाताच्या बांधांवरून गेलेली पायवाट. उन्हाळ्यात ही वाट पाऊण तासाची असते. पावसाळ्यात तिचा सव्वा तास होतो, आणि तोही पाय न घसरला तर. इकडचा पाऊस म्हणजे काय, हे देशावरच्या माणसाला सांगून पटत नाही. वर महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आणि आम्ही त्याच डोंगराच्या पायथ्याशी, ज्या बाजूने ढग येतात त्या बाजूला बसलो आहोत. तीन हजारांच्या वर आमच्याही वाट्याला येतो. उरलेला सावित्री आणि ढवळी वरून आणून देतात. शिवाय हा पाऊस सरळ उभा पडत नाही. खोऱ्यात वारा कोंडला की तो आडवा येतो, आणि चढणीवर कधी कधी चक्क खालून वर येतो.

शाळा दोन शिक्षकांची. त्यांतला मी ज्येष्ठ, म्हणून मुख्याध्यापकही मीच. त्यामुळे शाळेचे निम्मे दप्तर माझ्या पाठीवर असते: तपासलेल्या वह्या, माहितीचे तक्ते, मुलांच्या दाखल्यांचे कागद, जेवणाचा डबा, एक कोरडा सदरा, आणि अगदी तळाशी एक दोनशे पानी वही. तिच्यात माझी चालू कादंबरी असते. ती भिजली तर मराठी वाङ्मयाचे काही बिघडणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून ती तळाशी. बाकीच्या कागदांची गोष्ट वेगळी.

हे ओझे कोरडे ठेवण्याचे जेवढे म्हणून उपाय बाजारात मिळतात तेवढे मी करून पाहिले आहेत. छत्री ही सपाटीवरची आणि रिकाम्या हातांची वस्तू. साकवावर एक हात दोरीला लागतो आणि दुसरा हात तोल सांभाळायला. छत्री धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. मग रेनकोट. तो अंगात घालून वर सॅक घेतली की आपण कोरडे आणि सॅक ओली. आणि चार महिन्यांत पट्ट्यांनी खांद्यावरचे रबर घासून निघाले की आपणही ओले. मग सॅकला घालायचे टोपडे मिळते ते आणले. बाळाच्या टोपड्यासारखेच, कडेला रबरी नाडी असलेले. रायगडला आणि चंद्रगडला जाणारी मुंबई-पुण्याची मुले ते घालून हिंडताना मी पाहिली होती. या टोपड्याने सॅकचे तोंड, पोट आणि बगला झाकल्या जातात. पण सॅकची पाठ, म्हणजे जिथे ती आपल्या पाठीला टेकते ती बाजू, उघडीच राहते. आणि पाणी नेमके तिथेच उतरते. मानेवरून एक बारीक पन्हळ सुरू होते, ती आपल्या आणि सॅकच्या मधून खाली जाते, पट्ट्यांचा स्पंज पाणी पिऊन फुगतो, आणि वाडीत पोचेपर्यंत सॅक दीडपट जड होते.

एक पॉन्चोही घेतला होता. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरी लोकांचे हे वस्त्र. मधोमध भोक असलेली चादर म्हणाना. सॅकवरून छान पडते. पण साकवाच्या मध्यावर वाऱ्याने ते खालून उचलले आणि माझ्या तोंडावर उलटे टाकले. काही क्षण मला पुढचे काही दिसेना. खाली नदी गर्जत होती तेवढे ऐकू येत होते. त्या दिवशी तो पॉन्चो घडी करून ठेवला तो ठेवलाच.

राहता राहिला साधा उपाय: दोन मापे मोठा रेनकोट घेऊन तो सॅकवरूनच घालायचा. तोही केला. खांद्याची शिवण कोपरापाशी आली, बाह्यांत बोटे बुडाली, आणि एवढे होऊनही पुढची बटणे लागेनात. माणूस सगळीकडून जाड झाला तर मोठ्या मापाचा कोट बसतो. तो एकाच जागी जाड झाला तर नाही बसत.

असे चालले होते, आणि चाललेच असते. भिजायची आम्हांला सवय आहे. पण तीन वर्षांपूर्वी, आर्द्रा सरता सरता, एक गोष्ट घडली.

जनरल रजिस्टर हे शाळेतले सर्वांत जाड आणि सर्वांत जुने पुस्तक. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला. हल्ली सगळी माहिती संगणकावरही भरावी लागते. पण बापाची, आजाची नोंद हवी असली की अजून तेच पुस्तक उघडावे लागते. आमच्या वाडीतली एक मुलगी दहावी पास होऊन महाडला अकरावीत जायची होती. तिच्या जातीच्या दाखल्याला बापाच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा हवा होता. बाप मुंबईला हॉटेलात. वाडीत झेरॉक्सचे यंत्र नाही. तेव्हा रजिस्टरच पोलादपूरला नेऊन पानाची प्रत काढावी आणि सही-शिक्का करून द्यावी, असे मी ठरवले. रजिस्टर शाळेबाहेर नेऊ नये, हे मला माहीत नव्हते असे नाही. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी सॅकमध्ये, सॅकवर टोपडे. पिशवीला तळाशी बोटभर भोक होते, ते पाहिले नाही.

पोलादपूरला दुकानाच्या फळीवर रजिस्टर उघडले. खालचा कोपरा भिजून पावासारखा फुगला होता. अलीकडच्या नोंदी बॉलपेनाच्या. त्यांना काही झाले नव्हते. पण जुन्या नोंदी माझ्या आधीच्या एका गुरुजींनी शाईपेनाने, निळ्या शाईत, मोठ्या वळणदार अक्षरात केलेल्या. त्या मुलीच्या बापाची नोंद पानाच्या अगदी खालच्या ओळीत होती. जातीचा शब्द आणि जन्मसालाचा शेवटचा आकडा एकमेकांत मिसळून तिथे एक निळा ढग झाला होता. तो वाळावा म्हणून मी फुंकर घातली, तर तो आणखी पसरला. दुकानदार म्हणाला, ‘काढू का प्रत?’ मी नको म्हटले.

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या आईला निरोप धाडला. भर लावणीचे दिवस. ती शेतातून तशीच आली, पोटरीपर्यंत चिखल. अंगावर निळ्या प्लॅस्टिकचे इरले होते. सांगाडा बांबूचा, जुनाच. पानांच्या जागी प्लॅस्टिक. ओट्यावर येऊन तिने इरले उतरवून भिंतीला उभे केले, पाठीला बांधलेले एक गाठोडे सोडले आणि त्यातून तिच्याकडचे होते नव्हते तेवढे कागद काढून माझ्यापुढे ठेवले. रेशनकार्ड, मुलीचा निकाल, कसलीशी जुनी पावती. कागद खडखडीत कोरडे होते. माझ्या टेबलावर ते फुगलेले रजिस्टर उघडे पडले होते, आणि त्यावर खिडकीतून येणारा वारा लागावा म्हणून मी खडूची पेटी ठेवली होती.

‘मंग आता कसं करायचं, गुर्जी?’ एवढेच ती म्हणाली.

तिला दोन फेऱ्या पडल्या. लावणीचे दोन दिवस मोडले. शेवटी बापाचा शाळा सोडल्याचा जुना दाखला मुंबईच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत सापडला आणि गावी येणाऱ्या कुणाबरोबर आठव्या दिवशी पोचला. काम झाले, मुलीला प्रवेशही मिळाला. पण ते दोन दिवस माझ्या मनातून जाईनात, आणि ते भिंतीला टेकून ठेवलेले इरलेही जाईना. तिचे इरले गाठोड्यावरून होते, माझा कोट सॅकखालून. फरक म्हणाल तर एवढाच होता.

महाडच्या बाजारपेठेत माझ्या ओळखीचे एक शिंपी आहेत. ते मला गुरुजी म्हणतात आणि मी त्यांना मास्तर म्हणतो. ऐकणाऱ्याला शिक्षक कोण ते कळू नये, अशी आमची बोलणी चालतात. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ रंग देऊनही अजून उमटते. त्या पुरात यंत्र चिखलात बुडाले होते. आता पावसाळा आला की ते रात्री यंत्राचे डोके काढून माळ्यावर ठेवतात. या पुराविषयी ते फारसे बोलत नाहीत. महाडचे कुणीच बोलत नाही. कारण त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेला दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसे गेली. त्यापुढे दुकानातल्या चिखलाचे काय सांगायचे?

मी सॅक पाठीला लावली आणि मास्तरांपुढे उभा राहिलो. त्यांनी चष्मा वर केला, मला एकदा सगळीकडून फिरवले आणि म्हणाले, ‘यात अवघड काय आहे, गुरुजी? पोट सुटलेल्या शेठजींचा कोट शिवतो तसाच. तुमचं पोट मागं सुटलंय इतकंच.’

सॅक पाठीपासून नऊ इंच बाहेर येत होती. नऊ इंच कापड वाढवले की झाले, असे मी म्हणालो. मास्तर हसले. कापड एका बगलेने नऊ इंच बाहेर जाणार आणि दुसऱ्या बगलेने नऊ इंच परत येणार, म्हणजे अठरा. हे गणित शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याने सांगावे लागले. मग त्यांनी खडूने आखून दाखवले. कॉलरखाली चार बोटे सोडायची, तिथपासून खालच्या काठापर्यंत पाठ मधोमध कापायची, आणि त्या फटीत कळी घालायची. कुडत्याला बाजूला घालतात तशीच, पण पाठीला; वर टोकदार, लगेच रुंद होणारी आणि मग सरळ खाली जाणारी. खांद्यांना आणि बाह्यांना हात लावायचा नाही. कळीला कापड माझ्याच एका फाटक्या जुन्या रेनकोटाचे घ्यायचे, म्हणजे जात एक राहील.

रबरी कापडाचे शिवणकाम मी त्या दिवशी प्रथमच लक्ष देऊन पाहिले. सुती कापडात सुई गेली तर भोक मिटून जाते. यात ते कायमचे राहते. म्हणून मास्तरांनी टाचणी लावली नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. कच्चा दोरा घातला नाही. टाका लांब ठेवला, कारण जितके टाके तितकी भोके. शिवणीची घडी अशी वळवली की कौलावर कौल चढते तसे पाणी वरून निघून जावे, फटीच्या तोंडात शिरू नये. आणि शेवटी आतल्या बाजूने सगळ्या शिवणीला सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन लावून वर त्याच कापडाची बोटभर पट्टी दाबून बसवली. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली रबरी कापडाचे पेटंट घेतले, तेव्हा त्याचे कापड उत्तम होते. पण शिंपी त्याला सुया टोचून कोट शिवीत आणि त्या भोकांतून पाणी आत येई, अशी त्याची तक्रार होती. त्याला आमचे मास्तर भेटायला हवे होते.

मास्तरांनी काम करता करता आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडीलही शिंपीच. महाड तालुक्यात फौजेत गेलेल्या माणसांना तोटा नाही. फौजी आंबवडे हे गाव तर नावातच फौज घेऊन बसले आहे. तसाच कुणी जुना शिपाई वडिलांकडे एक फौजी झगा दुरुस्तीला घेऊन आला होता, आणि त्याच्या पाठीला मोठी घडी होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेला विषारी वायूपासून बचावासाठी जे झगे देत, त्यांना पाठपिशवीवरून घालता यावेत म्हणून मागे कापड सैल राखलेले असे. म्हणजे ज्यांच्या पाठीवर ओझे असायचे हे आधीच ठरलेले होते, त्यांच्यासाठी कुणीतरी तसा विचार केला होता. दुकानात टांगलेले कोट मात्र पाठीवर काहीही नसलेल्या, ताठ उभ्या माणसासाठी बेतलेले असतात. लाकडी हँगरवर ते छान दिसतात त्याचे कारण हेच असावे.

दोन दिवसांनी कोट मिळाला. मी आरशात पाहिले आणि हसलो. घरची माणसेही हसली. पुढची बटणे मात्र लागली. फाट्यापासून साकवापर्यंत मी राजासारखा चालत गेलो. मानेवरून पन्हळ नाही, पट्टे कोरडे. मग चढण सुरू झाली.

चढणीवर माणूस वाकतो. मी वाकलो, तसा कोट मागून वर सरकू लागला. गळ्याशी कॉलर आवळली. मागचा काठ सॅकच्या तळापर्यंत वर आला, आणि पाठीवरचे सगळे पाणी त्या काठावरून निथळून, आडव्या वाऱ्याने आत वळून, सॅकच्या बुडात शिरू लागले. वाडीत जाऊन पाहिले तर वह्या कोरड्या, डबा कोरडा, सदरा कोरडा. कादंबरी भिजली होती.

त्या संध्याकाळी कोट घरी दोरीवर टांगला होता. आई त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसली. तिने त्याचा काठ चाचपला, कळीत हात घालून पाहिले आणि म्हणाली,

‘माप कसं घेतलंस?’

‘मास्तरांनी घेतलं. सॅक घालून उभा राहिलो होतो.’

‘उभा राहून चढतोस व्हय तू डोंगर?’

मी काही बोललो नाही. ती उठली. तिची सत्तरी जवळ आली आहे, गुडघे दुखतात. पण तिने पदर खोचला आणि ओटीवर मधोमध लावणीला वाकतात तशी वाकून दाखवले. पाठ जमिनीला समांतर, दोन्ही हात खाली मोकळे. ‘इरलं असं वाकल्याल्या माणसाच्या मापाचं करत्यात,’ ती म्हणाली. ‘उभ्याच्या मापानं केलं तर कंबर भिजती. घाल ती सॅक.’ मी सॅक घातली. ‘वाक.’ मी वाकलो. तिने सुतळीचा एक शेवट माझ्या मानेच्या मणक्यावर धरला, सुतळी सॅकवरून नेऊन मांडीच्या मागे सोडली आणि तिथे गाठ मारली. मग मला उभे करून पुन्हा मोजली. वाकल्याची सुतळी उभ्याच्या सुतळीपेक्षा दीड वीत जास्त भरली.

‘आणि कडा आत वळीव,’ ती म्हणाली. ‘न्हायतर वारा शिरंल.’

इरले कसे करतात हे मी लहानपणी इतक्या वेळा पाहिले होते की कधी नीट पाहिलेच नव्हते. वैशाखात बांबूच्या बारीक कामट्या काढायच्या, त्यांची सहाकोनी डोळ्यांची जाळी विणायची. एक आतली आणि एक बाहेरची. दोन जाळ्यांच्या मध्ये पळसाची पाने. पाने खालच्या काठापासून लावत वर यायचे, म्हणजे वरचे पान खालच्यावर चढते आणि पाणी घसरत जाते. डोक्याशी निमुळते, पाठीवर फुगीर, बगलांकडे आत वळलेले. पालथ्या होडीचा अर्धा भाग जणू. मॅकिंटॉशचे कापड म्हणजे दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर. आमच्याकडे दोन जाळ्यांच्या मध्ये पानांचा. तिकडे मेघालयात, चेरापुंजीच्या बाजूला, खासी लोक बांबूचे आणि पानांचे असेच एक इरले पाठीवर घेऊन शेतात काम करतात. त्याला ते क्नुप म्हणतात. जिथे पाऊस थांबायची वाट पाहून चालत नाही आणि दोन्ही हात कामाला लागतात, तिथे माणसाला बहुधा तेच सुचते.

इरल्याचे कौतुक मी उगाच वाढवीत नाही. ते अरुंद दारातून जात नाही, एस.टी.त चढत नाही, ते घेऊन शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही, आणि ताठ चालणाऱ्याला ते मागे ओढते. शिवाय ते दिसते गावंढळ. हे शेवटचे कारण मला फार चांगले माहीत आहे.

१९९२ साली मी आठवीत गेलो. आमच्या वाडीतून पोलादपूरच्या हायस्कुलात तासाभराची वाट. बाजारपेठेतली मुले डकबॅकचे रेनकोट घालून येत. ते कोट वर्गाच्या भिंतीला ओळीने टांगलेले असत आणि त्यांचा एक उग्र, श्रीमंत वास येई. वाडीतली मुले गोणपाटाची खोळ घेऊन येत. त्या वर्षी आईने मृगाच्या आधी मला एक लहान इरले करून दिले. नेहमीच्या इरल्यापेक्षा आखूड, पण पाठीत जास्त खोल. कारण दप्तर पाठीवर मावायला हवे होते. सात-आठ रात्री ती चिमणीच्या उजेडात ते विणत होती. मला ते बरोबर बसले. वाटेत माझे एक पुस्तक भिजले नाही. पण पोलादपूरची घरे दिसू लागली तसे माझे पाय जड झाले. गावाच्या कडेला घाणेरीचे दाट झुडूप होते. त्यात मी इरले खुपसले, दप्तर छातीशी धरले आणि उरलेली वाट पावसातून धावत काढली.

हे रोजचेच झाले. घरी जाताना इरले काढून घ्यायचे आणि ऐटीत कोरडे यायचे. पुस्तके मात्र फुगत चालली. आई ती रात्री चुलीवर टांगलेल्या जाळीवर पसरी, आणि इरले तर गळत नाही, मग पुस्तके भिजतात कशी, असे स्वतःशीच म्हणे. पंधरा-वीस दिवसांनी एका संध्याकाळी झुडपात हात घातला तर इरले नव्हते. मी भिजत घरी आलो. इरले दाराशी खुंटीवर होते. त्या दिवशी आई बाजाराला कोंबडी विकायला गेली होती.

ती मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा तिने माझ्या हातात दुमडलेले गोणपाट दिले. इरले खुंटीवरच राहिले. या गोष्टीचा उच्चार आमच्यात पुढे तीस वर्षे कधी झाला नाही.

त्या संध्याकाळी मी ओटीवर वाकून उभा होतो, सॅकवर सुतळी पडली होती, आणि माझ्या पाठीमागून, जिथून मला तिचे तोंड दिसत नव्हते तिथून, ती म्हणाली, ‘तवा फुकट केलं तर घाणेरीत टाकलंस. आता शिंप्याला पैसं देतोस.’

‘आये,’ मी म्हणालो, ‘लहान होतो.’

‘व्हय. हालू नको, माप चुकंल.’

थोड्या वेळाने मी विचारले, ते इरले अजून कुठे ठेवले आहे का? ‘वाळवीनं खाल्लं,’ ती म्हणाली.

मास्तरांनी सुतळी फळीवर ताणून धरली, गाठी मोजल्या आणि ‘हे माप कुणी घेतलं?’ असे विचारले. मी सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण मजुरीचे पैसे त्यांनी पहिल्या खेपेचेच घेतले, दुसऱ्या खेपेचे घेतले नाहीत. मागचा काठ दीड वीत खाली उतरला. काठात नाडी घातली. ती ओढली की कडा आत वळतात. सॅक नसेल तेव्हा कळीची घडी मिटून तीन चापबटणे लावायची सोयही त्यांनी आपल्या मनाने केली. ही सोय माझ्या फारशी उपयोगी पडत नाही. सॅक नाही असा दिवस उगवत नाही.

तेव्हापासून हा तिसरा पावसाळा. कोट पूर्ण निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. आत घाम धरतो. चढ संपला की सदरा ओला असतोच, फक्त पाऊस बाहेरचा असतो आणि घाम घरचा. गाडीत बसता येत नाही. डोक्याची टोपी अजून वाऱ्याने उडते, तिचा बंदोबस्त करायचा आहे. पण वह्या भिजलेल्या नाहीत आणि, वाचकांचे दुर्दैव म्हणा, कादंबरीही भिजलेली नाही. रजिस्टर मी आता शाळेबाहेर नेत नाही. त्याच्या त्या पानावर निळा ढग तसाच आहे. समोर शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने जन्मसाल आणि जात पुन्हा लिहिली आहे, दाखल्याचा क्रमांक घातला आहे, आणि खाली माझी सही.

यंदा पुनर्वसूत एके सकाळी मी बांधावरून चाललो होतो. चोंढ्यात बायका ओळीने लावणी करीत होत्या. निळी, पिवळी, काळी इरली. त्यांत त्या मुलीची आईही होती. मुलगी आता महाडलाच पुढे शिकते आहे. माझी चाहूल लागून बायकांनी माना वर केल्या, आणि एकमेकींकडे पाहून त्या हसू लागल्या.

‘गुर्जी,’ ती ओरडून म्हणाली, ‘इरलं घेतलंत व्हय?’

‘घेतलं,’ मी म्हणालो.

‘बरं केलंत,’ ती म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली.